बालवर्ग नीट चालवायचा तर: मुख्याध्यापकांसाठी एका फेब्रुवारीपासून पुढच्या एप्रिलपर्यंतचा क्रम

बालवर्ग सुधारायचा असं ठरलं की बहुतेक शाळांत सगळ्यात आधी खरेदी होते. रंगीत टेबलं, भिंतीवर कार्टून, एखादा मोठा टीव्ही आणि कुठल्याशा प्रकाशकाचा आठ पुस्तकांचा संच. जूनमध्ये वर्ग चकाचक दिसतो. ऑगस्ट उजाडेपर्यंत मुलं पुन्हा वहीत मान खाली घालून ‘अ अ अ’ गिरवत असतात. ठाणे-नवी मुंबईतल्या मराठी शाळांत, संस्थेच्या असोत की महापालिकेच्या, हे चित्र इतक्यांदा दिसतं की कामांचा क्रमच लिहून काढलेला बरा. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. घोळ होतो तो कशाच्या आधी काय करायचं, यात.

वर्गात काय शिकवायचं ते शिक्षिका बघतील. खोली कुठली, माणसं कोण, वेळ किती आणि पालकांना काय सांगायचं हे मात्र मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय हलत नाही, म्हणून इथे भर त्यावर आहे. बालवर्ग संस्थेचा वेगळा आणि तुमची शाळा पहिलीपासून, अशी वाटणी असेल तरी हे तुमचंच काम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वय ३ ते ८ हा एकच पायाभूत स्तर आहे: बालवर्गाची तीन वर्षं, अधिक पहिली आणि दुसरी.

टप्पा १. फेब्रुवारी: एक आख्खा दिवस जमिनीवर बसून काढा

खिडकीतून डोकावणं किंवा फेरी मारणं याला पाहणं म्हणत नाहीत. मुलं येण्याआधी जा, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत थांबा, आणि खुर्ची नको, सतरंजीवर बसा. आदल्या दिवशी शिक्षिकेला स्वच्छ सांगा की यातलं काहीही तुमच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. नाहीतर त्या दिवशी तुम्हाला नाटक बघायला मिळेल.

वहीत तीनच गोष्टी टिपा.

पहिली: मुलं नुसती थांबून राहतात असे प्रसंग. वही तपासून होईपर्यंत, शूला जायच्या रांगेत, सगळ्यांचे डबे उघडेपर्यंत, व्हॅनवाले काका येईपर्यंत. हा वेळ बेरीज केल्यावर डोळ्यात भरतो. वर्गातली निम्मी ‘मस्ती’ याच वेळात होते, आणि तिच्यावरचा उपाय शिस्तीत सापडत नाही, वेळापत्रकात सापडतो.

दुसरी: मोठ्या माणसाशी एक तरी पूर्ण वाक्य बोललेली मुलं कोणती. सुरात म्हटलेलं ‘हो बाई’ मोजायचं नाही.

तिसरी: एका बैठकीला मुलं किती वेळ बसतात.

तपासा: संध्याकाळी हजेरीपट समोर घ्या. ज्या मुलांशी दिवसभरात कोणीही नाव घेऊन बोललं नाही, त्यांच्या नावापुढे टिंब द्या. हा कागद जपून ठेवा, डिसेंबरमध्ये लागेल.

टप्पा २. मार्च: माणसं आधी, वस्तू नंतर

सगळ्यात नवीन, सगळ्यात कमी पगाराची शिक्षिका बालवर्गाला, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. तो मोडायला संस्थाचालकांशी बोलावं लागतं, म्हणून हे काम मार्चमध्येच करायचं. बोलताना ‘बालवर्ग महत्त्वाचा आहे’ असं गुळमुळीत सांगू नका. दोन मागण्या लेखी द्या: पंचवीसच्या आसपास मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मावशी, दोघी पूर्णवेळ. आणि शिक्षिकेला आठवड्यातून एकदा, मुलं गेल्यावर, चाळीस मिनिटं नियोजनासाठी.

त्यानंतर शाळेच्या अंतर्गत आदेशात एक ओळ घाला: बालवर्गाच्या शिक्षिकेला बदली तासाला पाठवलं जाणार नाही, आणि मावशींना कार्यालयात चहापाण्यासाठी बोलावलं जाणार नाही. ओळ क्षुल्लक वाटते. पण सातवीच्या बाई रजेवर गेल्या की पहिला फोन बालवर्गातच जातो आणि तिकडची मुलं दोन वर्गांची मिळून एका खोलीत कोंबली जातात. तीन वर्षांच्या मुलाचा अख्खा भरवसा एका ओळखीच्या चेहऱ्यावर असतो. तो चेहरा अधूनमधून गायब होत असेल तर बाकीचं सगळं साहित्य माळ्यावर टाकलं तरी चालेल.

मावशींना प्रशिक्षणात बसवा. पडलेल्या मुलाला उचलणं, चड्डी ओली झालेल्या मुलाला न हिणवता बदलून देणं, डबा खाताना गप्पा मारणं ही कामं त्याच करतात आणि दिवसातला सर्वांत जास्त संवाद तिथेच होतो. पहिली-दुसरीच्या शिक्षिकांनाही याच प्रशिक्षणाला बोलवा. त्या आल्या नाहीत तर शेवटचा टप्पा बारगळणार हे आत्ताच समजा.

टप्पा ३. एप्रिल-मे: खोली

खोली तळमजल्यावर हवी, आणि तिच्यापासून स्वच्छतागृह मोठ्या माणसाच्या वीस-पंचवीस पावलांत हवं. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर कार्यालय आणि संगणककक्ष, तर बालवर्ग दुसऱ्या मजल्यावर, अशी मांडणी सर्रास असते. अदलाबदल करायची असेल तर मे महिन्यातच, कारण एकदा पाऊस लागला की कंत्राटदार फिरकत नाही आणि गळकी भिंत ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते.

भिंतीवर छापील चित्रं चिकटवण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून खोलीत एक फेरी मारा. त्या उंचीवरून जे दिसत नाही ते मुलांसाठी नाही. मुलांची स्वतःची चित्रं लावायला एक दोरी आणि चिमटे पुरेत.

खोलीचे चार कोपरे करा: पुस्तकांचा, ठोकळ्यांचा, भातुकलीचा, आणि पाणी-वाळू-मातीचा. शेवटचा कोपरा शाळा सगळ्यात आधी रद्द करतात, ‘घाण होते’ म्हणून. तो दाराजवळ ठेवा, खाली जुना बॅनर अंथरा, आवरायला मुलांनाच फडकी द्या. साहित्यासाठी संच मागवायची घाई नको. जांभळी नाक्याच्या बाजारात गाळणी, नरसाळी, छोटे डबे, मापाची भांडी, सुपं, लाटणी एका फेरीत मिळतात. चिंचोके, शंख, नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची टोपणं, जुन्या साड्या पालक आणून देतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या पानं, बिया, खडे यांवरच. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आणलेल्या ‘जादुई पिटारा’ या संचातही खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टी यांच्यावरच भर आहे.

सावध: तीन-साडेतीन वर्षांच्या गटात मणी, चिंचोके, हरभरे सुटे ठेवू नका, नाकात किंवा घशात जातात. गुंजा आणि एरंडाच्या बिया तर कोणत्याच गटात नकोत, दोन्ही विषारी आहेत. पालकांनी दिलेल्या बियांच्या पिशव्या शिक्षिकेने उलगडून पाहिल्याशिवाय वर्गात जाऊ द्यायच्या नाहीत.

सुरक्षिततेचं काम याच महिन्यात उरकायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली, दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आल्यावर राज्यभर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांचे आदेश निघाले. कागदावर बहुतेकांनी ते पूर्ण केले. तुम्ही प्रत्यक्ष पाहायचं ते असं: मुलांना शूला नेणारी व्यक्ती प्रत्येक वेळी महिलाच आहे का, तिची पडताळणी झाली आहे का, ती रजेवर असली तर कोण नेतं. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी नसेल तर पहिली दोन उत्तरं फोल आहेत. व्हॅनचालक आणि सफाईचे कंत्राटी कामगार हेही कर्मचारीच धरायचे. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका आली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट संस्थाप्रमुखाने दडवली तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी संस्थेच्या बैठकीत ठेवू’ याला कायद्यात जागा नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक स्टाफरूममध्ये ठळक लावा.

टप्पा ४. प्रवेश आणि शाळा सुरू होण्याआधीची पालकसभा

मुलाची मुलाखत घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी चाचणी घ्यायला मनाई करतं आणि दंडही सांगतं. ते बालवर्गाला लागू पडतं की नाही याचा कीस न पाडता पाळून टाका. त्याऐवजी पालकांकडून एक पानाची माहिती घ्या: घरी कोणती भाषा बोलतात, मूल कोणाच्या हाती जेवतं, कशाला घाबरतं, शूला काय म्हणतं, दुपारी झोपतं का, कानाचा किंवा डोळ्यांचा त्रास आहे का. कोपरखैरणेत एकाच वर्गात आगरी बोलणारं, साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कुटुंबातलं आणि घरी हिंदी बोलणारं मूल शेजारी बसतं. हे पान नसेल तर शिक्षिका तिघांशी एकच बोली बोलत राहते आणि तिसरं मूल ‘लाजाळू’ ठरतं.

वयाची अट नीट समजून घ्या. राज्यात नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ वर्षं पूर्ण असण्यासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली जाते. म्हणजे जूनमध्ये पहिलीत बसलेलं एखादं मूल जेमतेम साडेपाचचं असतं आणि शेजारचं जवळपास साडेसहाचं. या वयात वर्षाचं अंतर फार मोठं. हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहायला सांगा. शिक्षिकेने ‘हा मागे आहे’ म्हटलं की आधी तो महिना बघायचा.

पालकसभा शाळा सुरू होण्यापूर्वी, शनिवारी संध्याकाळी ठेवा, म्हणजे लोकलने कामावर जाणारे वडीलही येतात. सभेत भाषण नको. पालकांना अर्धा तास कोपऱ्यांत खेळायला लावा: एक गट ठोकळ्यांवर, एक पाण्यावर, एक भातुकलीत. मग विचारा, यात गणित कुठे होतं, भाषा कुठे होती. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यात आई मुलाबरोबर एकेका टेबलावर जाते, त्यामागेही हेच आहे. त्यानंतर तीन गोष्टी एकदाच आणि ठामपणे सांगा: बालवर्गात परीक्षा नाही, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, बालवर्गाला दप्तर नाही. शेवटच्या दोन गोष्टी केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातच आहेत. परीक्षा नाही या पहिल्या गोष्टीसाठी २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याचा आधार घ्या. या वयाला लेखी-तोंडी परीक्षा अयोग्य, असं तो स्पष्ट म्हणतो.

‘शेजारच्या इंग्रजी शाळेतली मुलं शंभरपर्यंत लिहितात’ असं कोणीतरी म्हणणारच. उत्तर तयार ठेवा: मुलांचं वाचन आणि अंकगणित पक्कं करण्यासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाची लक्ष्यं पाहिली तर पहिलीच्या आधीच्या वर्षाला १० पर्यंतचे अंक ओळखणं आणि क्रमाने लावणं एवढंच आहे. ९९ पर्यंतचे अंक येतात ते पहिलीअखेर. दहापर्यंतचं पक्कं म्हणजे दहा चिंचोके पसरून ठेवले काय, रांगेत लावले काय, ते दहाच राहतात हे मुलाला कळणं.

टप्पा ५. जूनचे पहिले तीन आठवडे

नवीन मुलांना सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं एक तास, उरलेली निम्मी पुढचा एक तास. दुसऱ्या आठवड्यात सगळी दोन तास. तिसऱ्यात पूर्ण वेळ. पहिले काही दिवस आई किंवा आजी वर्गात बसली तर बसू द्या, फक्त तिने निघताना मुलाला सांगून निघायचं. ‘लक्ष नाही तोवर पळा’ हा सल्ला फाटकावरचे शिपाईसुद्धा देतात. त्यांना बजावून ठेवा, कारण त्याने मूल दुसऱ्या दिवशी दुप्पट चिकटतं.

या आठवड्यांत अभ्यास म्हणजे चप्पल जोडीने ठेवणं, नळ बंद करणं, डब्याचं झाकण उघडणं, आणि आपल्याकडच्या जूनमध्ये रेनकोट. रेनकोट काढून उलटा न करता खुंटीला अडकवणं हे चार वर्षांच्या मुलासाठी अवघड, बोटांना वळण लावणारं काम आहे. त्याला दहा मिनिटं द्या, मावशींनी पटापट उरकून टाकायचं नाही. दाराशी जाड पोती अंथरा, ओल्या लादीवर मुलं घसरतात. प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक कोरडा जोड शाळेत, नाव घालून.

तपासा: तिसऱ्या शुक्रवारी शिक्षिकेला विचारा, अजून रडत येणारी मुलं कोणती आणि प्रत्येकाला नेमकं कशाने बरं वाटतं. ‘सवय होईल’ हे उत्तर चालणार नाही.

टप्पा ६. दिवसाची मांडणी

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. दोन पाळ्यांच्या इमारतींत त्याची अडचण होते, पण बालवर्गाला सकाळी सातची पाळी देऊन सोडवायची ती अडचण नव्हे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी सहाला उठणारं मूल ती घेऊच शकत नाही.

नऊ ते साडेबारा धरून एक नमुना:

९.०० ते ९.२०: आलं की मोकळा खेळ, शिक्षिका दारात प्रत्येकाला नाव घेऊन बोलते
९.२० ते ९.४०: गोल करून गप्पा, बडबडगीतं, आजचं हवामान
९.४० ते १०.२५: कोपऱ्यांत खेळ, मूल स्वतः कोपरा निवडतं
१०.२५ ते ११.००: आवरणं, हात धुणं, डबा
११.०० ते ११.३५: मैदान
११.३५ ते ११.५५: गोष्ट
११.५५ ते १२.१५: सहा-सात मुलांच्या गटात भाषा किंवा गणिताचं काम, बाकीची मुलं मावशींबरोबर चित्रं, माती
१२.१५ ते १२.३०: निरोप

मोठ्यांनी ठरवून दिलेलं बसून करायचं काम एका वेळी वीस मिनिटांच्या पुढे कुठेच नाही, हे लक्षात घ्या. मैदान गोष्टीच्या आधी आहे, कारण धावून आलेलं मूल गोष्ट ऐकतं. उलट क्रम लावून पाहा, लगेच कळेल.

पावसाळ्यात मैदानाचा तास ‘ऑफ’ जातो आणि त्या जागी टीव्हीवर गाणी लागतात. जून ते सप्टेंबर म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तेव्हा मेमध्येच ठरवून टाका: कोणता पॅसेज, कोणतं सभागृह, कोणत्या वेळी बालवर्गाचं. दोरीवरून चालणं, टायरमधून रांगणं, पोत्यात उड्या, सतरंज्यांच्या गुंडाळ्या ढकलणं एवढ्याला पॅसेज पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल हवी आणि पडदा तासाभरापेक्षा जास्त नको असं म्हटलंय. हा तासभर मुलं घरीच संपवतात. शाळेच्या वाट्याला शून्य उरतो असं धरून चला.

सावध: स्नेहसंमेलन. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाचाच्या तालमी सुरू झाल्या की हे वेळापत्रक महिनाभर गुंडाळलं जातं. बालवर्गाला एकच बडबडगीत, मुलं रोज म्हणतात तेच, रोजच्या कपड्यांत. पालक सुरुवातीला कुरकुरतील, पण फोटो तेवढेच काढतील.

टप्पा ७. आधी बोलणं, मग वाचन, लेखन सगळ्यात शेवटी

सर्वाधिक नासाडी इथे होते, म्हणून थोडं सावकाश.

बोलण्यापासून सुरुवात करा. दिवाळे कोळीवाड्यातलं मूल ‘मना पानी दे’ म्हणालं की शिक्षिका चटकन ‘मला पाणी द्या म्हण’ असं सुधारते. मूल पाणी पितं आणि पुढच्या वेळी मागतच नाही. आधी पाणी द्यायचं, मग सहज म्हणायचं, ‘हो, तुला तहान लागली, पाणी हवं होतं ना?’ मुलाला प्रमाण वाक्य ऐकायलाही मिळालं आणि त्याची बोली चुकीची ठरली नाही. हिंदी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही तसंच. आठवड्यातून एकदा एखादी आई किंवा आजी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायला बोलवा. यासाठी निधी लागत नाही, फक्त तुमची परवानगी लागते.

बोलायला विषयही हवा. चेंदणी कोळीवाड्यात जाळी विणताना पाहणं, तलावपाळीला बदकं पाहणं, किंवा शाळेच्या कोपऱ्यावरचा चहावाला दूध कसं उकळतो ते पाहणं यांवर आठवडाभर गप्पा, चित्रं आणि खेळ होतात. रिसॉर्टच्या सहलीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

वाचनात ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत जाऊन, मग बाराखडी, मग शब्द हा रस्ता लांबचा आहे. मूल वर्षभर सुटी अक्षरं पाठ करतं आणि त्यांचा उपयोग त्याला एकदाही दिसत नाही. म, ल, क आणि काना एवढंच घ्या: मामा, काका, लाल, माल, मला, काल, कमाल. चार चिन्हांत सात शब्द, आणि ते सगळे मुलाच्या तोंडातले. त्यात र, न, ब आले की बाबा, नाना, नाक, कान, बाक, मार, नकार. अक्षर कळण्याआधी आवाज कळायला हवा, म्हणून रोज दोन मिनिटं तोंडी खेळ: ‘मामा’च्या सुरुवातीला काय ऐकू येतं, त्याच आवाजाचं अजून कोण? वर्गातल्या मुलांची नावं हे यासाठीचं सर्वांत चांगलं पाठ्यपुस्तक. निपुण भारतचं पहिलीआधीचं वाचनाचं लक्ष्यही दोन-तीन अक्षरी सोप्या शब्दांपर्यंतच आहे.

लेखन. साधारण तीनच्या सुमारास मूल गोल काढतं, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ सर्वांत उशिरा जमते. आपण मात्र साडेतीनच्या मुलाकडून ‘अ’ची मागणी करतो, ज्यात वळणही आहे, गाठही आणि दोन उभे-आडवे दांडेही. मग मूल मुठीत पेन्सिल धरून, जीभ बाहेर काढून, कागद फाटेपर्यंत दाबतं. ही सवय पुढे दुसरी-तिसरीत बोटं दुखायला लागेपर्यंत सुटत नाही.

मोठ्या शिशूच्या दुसऱ्या सहामाहीपर्यंत रेघांची वही वर्गात नकोच. त्याआधी: खांद्यांसाठी बादली उचलणं, केर काढणं, लोंबकळणं. मनगटासाठी कणीक मळणं, ओला कपडा पिळणं. बोटांसाठी कागद फाडणं, शेंगा सोलणं, बटणं, चिमटे, बोथट टोकाची कात्री. लेखनाला जमिनीवर खडू, भिंतीवरचा फळा, पाण्यात बुडवलेला ब्रश, रव्याच्या ताटात बोट. उभ्या फळ्यावर काढताना मनगट आपोआप योग्य वळतं. अक्षरं सुरू केली की सारख्या वळणाची एकत्र: ग, म, न, भ एका गटात, व, ब, क दुसऱ्या गटात, ट, ठ, ढ तिसऱ्या.

सावध: प्रकाशकांचा माणूस मार्चमध्ये नमुना संच घेऊन येतो आणि संस्थेलाही त्यात सूट दिसते. संच घेतला की पानं भरणं हाच अभ्यासक्रम होऊन बसतो, कारण पालक पैसे दिलेलं पुस्तक कोरं पाहू शकत नाहीत. ते पैसे चित्रगोष्टींच्या पुस्तकांना वापरा. एका वर्गाला पन्नास पुस्तकं असली तरी सुरुवातीला भरपूर झाली.

टप्पा ८. नोंदी आणि वेळेवर ओळखायच्या अडचणी

प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींनी काही कळत नाही. शिक्षिकेने रोज तीन मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिहाव्यात. दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. ओळी कशा हव्यात ते पाहा.

नको: ‘हुशार आहे. अभ्यासात लक्ष देतो. मस्ती कमी करावी.’

हवं: ‘१२ ऑगस्ट. पाण्याचा कोपरा. छोट्या बाटलीतलं पाणी मोठ्या बाटलीत ओतलं, “कमी झालं” म्हणाला. परत छोटीत ओतून पाहिलं. बाजूच्या मुलीला दाखवलं.’

दुसऱ्या नोंदीवरून उद्या काय द्यायचं ते ठरतं: तिसऱ्या आकाराची बाटली. तुम्ही महिन्यातून एकदा ही वही वाचा आणि समासात प्रश्न लिहा, शेरा नको.

अडचण ओळखणं मुख्याध्यापकांवर येऊन पडतं, कारण पालकांशी तो विषय काढायला शिक्षिका कचरते. नावाने हाक मारली तरी वळून न बघणं, सतत ‘काय?’ विचारणं, चार वर्षांनंतरही परक्याला बोलणं न समजणं, आधी येणारे शब्द नाहीसे होणं, पुस्तक डोळ्यांजवळ नेणं, इतर मुलांकडे अजिबात लक्ष नसणं. यातलं काहीही दोन-तीन आठवडे दिसलं तर तारखांसह लिहून ठेवा आणि पालकांना बंद दाराआड सांगा. निदानाचा शब्द उच्चारू नका, तो आपला अधिकार नाही. फक्त दिसलं ते सांगा आणि पुढची जागा सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत तपासणीला येतात, त्यांना तुमची यादी तयार द्या. नवी मुंबईत महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच आहे. ‘मुलगा आहे, उशिरा बोलतो’ असं म्हणून वर्ष घालवणारे पालक भेटतील. त्यांना आधी श्रवणतपासणी तेवढी करून घ्या म्हणा. त्यात हरकत घेण्यासारखं काही नसतं, आणि कधीकधी कानातच दोष निघतो.

तपासा: डिसेंबरमध्ये पुन्हा एक पूर्ण दिवस बसा. फेब्रुवारीतला टिंबांचा कागद सोबत ठेवा. मुलं आता वेगळी असतील, त्यामुळे नावं जुळणार नाहीत. टिंबं किती उरली तेवढं बघा. कमी झाली नसतील तर टप्पा २ कडे परत जा: बहुधा शिक्षिका बदली तासांना जाते आहे.

टप्पा ९. मार्च-एप्रिल: पहिलीशी सांधा

बालवर्गात वर्षभर खेळत शिकलेलं मूल जूनमध्ये पहिलीच्या बाकावर बसतं आणि पहिल्याच दिवशी बाई म्हणतात, ‘आता खेळ बंद.’ हे टाळायला मार्चमध्ये पहिलीच्या शिक्षिकेने बालवर्गात चार सकाळी काढाव्यात, आणि बालवर्गाच्या मुलांनी दोनदा पहिलीच्या खोलीत जाऊन गोष्ट ऐकावी. नोंदींची वही हातोहात द्यावी, दोघींनी मिळून प्रत्येक मुलावर पाच मिनिटं बोलावं. पंचवीस मुलांना दोन दुपारी लागतात. शिक्षिका एप्रिलअखेरच्या कामांत अडकण्याआधी त्या दुपारींच्या तारखा फळ्यावर लिहून टाका.

पहिलीच्या सुरुवातीला ‘विद्या प्रवेश’ हा तीन महिन्यांचा, बारा आठवड्यांचा खेळावर आधारलेला कार्यक्रम दिलेला आहे. अनेक शाळा तो दोन आठवड्यांत ‘पूर्ण’ करतात आणि पाठ्यपुस्तक काढतात. जी मुलं कुठल्याच बालवाडीत न जाता थेट पहिलीत आली, त्यांच्यासाठी हे बारा आठवडेच काय ते आहेत. नाक्यावरच्या मजुरांची, वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतरही येतात. त्यांच्यासाठी तोच कार्यक्रम तेव्हा नव्याने, लहान गटात घ्यायचा आणि त्याचा तास वेळापत्रकात दाखवायचा.

पहिलीच्या खोलीतले दोन बाक काढून एक सतरंजी अंथरायला आणि एका कोपऱ्यात बालवर्गातलीच ओळखीची वीस पुस्तकं ठेवायला शिपायांना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच सांगून ठेवा. जूनमध्ये त्यांना वेळ नसतो.